कानातला बिल्ला आणि दुसरी भेट

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. भाची अमेरिकेत असते, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अ‍ॅशव्हिल शहरात. तिच्या दारावरच्या कॅमेऱ्यात रात्री अडीच वाजता एक काळं अस्वल टिपलं गेलं होतं. कचऱ्याचा डबा आडवा पाडून, त्यात मानेपर्यंत डोकं घालून, अगदी सावकाश जेवण चाललेलं. ग्रुपवर 'बापरे', 'दार नीट लावून घे गं' वगैरे रीतसर झालं. मुद्द्याचं विचारलं ते फक्त मावशीने. तिचा सगळा जन्म गोठ्यात गेलाय. ती म्हणाली, "अरे, ह्याच्या कानात आपल्या गाईसारखे बिल्ले कसे काय? पाळलेलं आहे का कुणी?"

पाळलेलं नाही. पण मावशीची नजर पक्की. आपल्याकडे जनावरांच्या कानात सरकारी योजनेतला बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, त्याच्याच जातकुळीतला हा टॅग. अमेरिकेत अस्वलांना लावतात ते प्लास्टिकचे टॅग बरेचदा गुरांसाठीच बनवलेले असतात. काही राज्यांत प्लास्टिकऐवजी धातूची छोटी पट्टी असते, कानाच्या कडेवर दुमडून बसवलेली. फरक एवढाच, की गाय संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात येते. अस्वल येत नाही. ते परत भेटेल की नाही, कुठे भेटेल, जिवंत भेटेल की मेलेलं, यातलं काहीच कुणाच्या हातात नसतं. आणि टॅगची सगळी गंमत त्या परत भेटण्यातच आहे.

आधी एक अडचण समजून घेऊ. आपल्याला वाघांची सवय आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे. एका वाघाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, एकाच वाघाची डावी बाजू त्याच्याच उजव्या बाजूशी जुळत नाही. ताडोबात कॅमेऱ्याने काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले की हा कोण आणि तो कोण, हे सांगता येतं. अमेरिकेतलं काळं अस्वल या बाबतीत अगदीच निरुपयोगी जनावर. नाकापासून शेपटीपर्यंत काळंभोर. क्वचित एखाद्याच्या छातीवर पांढरा चट्टा असतो, पश्चिमेकडच्या राज्यांत तपकिरी रंगाचीही दिसतात, पण त्यावरून अमुक अस्वल ते हेच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यात त्यांचं वजन. ऑक्टोबरात ओकची फळं खाऊन टम्म झालेली अस्वलीण सगळा हिवाळा बिळात उपाशी झोपते, पिल्लांना दूध पाजते आणि एप्रिलमध्ये बाहेर येते तेव्हा वजनाचा चौथा-तिसरा हिस्सा उतरलेला असतो. कातडी लोंबतेय, केस विस्कटलेत. त्याच बाईला तुम्ही आणि मी ओळखणार नाही.

म्हणून नंबर.

आता तो लावतात कसा. गावाजवळच्या अस्वलांसाठी एक पिंजरा वापरतात. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला जो मोठा गोल पाइप घालतात ना, तसला पत्र्याचा पाइप, गाडीला जोडता येईल अशा चाकांवर बसवलेला. एका तोंडाला जाळी, दुसऱ्याला वरून पडणारं दार. आत आमिष म्हणून शिळे डोनट, बेकन, गोड पाव. अस्वल आत जाऊन आमिष ओढतं, मागे दार धाडकन पडतं. मग जाळीतून लांब काठीला लावलेल्या सुईने भूल देतात. पाच-दहा मिनिटांत जनावर आडवं होतं, पण डोळे उघडेच राहतात. ते कोरडे पडू नयेत म्हणून त्यात मलम घालतात आणि वर कापडाची पट्टी बांधतात.

त्यानंतर सगळ्यांचीच घाई सुरू होते, कारण भूल काही फार वेळ टिकत नाही. वजन, लांबी, छातीचा घेर, अंगाचं तापमान. केसांचा झुपका, थोडं रक्त. सुळ्यामागचा एक छोटासा दात उपटतात. या दाताचं अस्वलाला फारसं काम नसतं. त्याचं मूळ आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, दर वर्षाचं एक. वय कळलं. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला तोच नंबर गोंदवूनही ठेवतात. आणि दोन्ही कानांत टॅग. पक्कडीसारख्या हत्याराने कुर्चेतून आरपार, एका दाबात. कान टोचल्यासारखंच. सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात, तशी इथेही जागा नेमकी साधावी लागते. रक्तवाहिनी चुकवायची, अगदी काठावर लावायचा नाही, नाहीतर पहिल्याच झुडपात अडकून कान फाटायचा. मग माणसं बाजूला होतात आणि अस्वल झोकांड्या खात उठून चालायला लागेपर्यंत लांबून लक्ष ठेवतात.

एवढं करून त्या दिवशी हाती काय लागलं? एका अस्वलाचं वजन आणि वय. टॅगने अजून काहीच सांगितलेलं नाही. तो बोलतो दुसऱ्या भेटीत.

डब्यातला राजमा

जंगलात किती अस्वलं आहेत, हा प्रश्न साधा वाटतो. पण मोजणार कशी? समोर येत नाहीत, रात्री फिरतात, झाडावर चढून बसतात, वर्षातले चार-सहा महिने बिळात. सगळी एका रांगेत उभी करता येत नाहीत.

त्यावरची युक्ती स्वयंपाकघरात करून बघता येते. राजम्याचा डबा घ्या. त्यातले ४० दाणे काढा, प्रत्येकावर पेनाने ठिपका द्या, परत डब्यात टाका आणि डबा चांगला हलवा. आता डोळे मिटून ५० दाणे काढा. समजा त्यात ५ ठिपक्यांचे निघाले. म्हणजे दर दहा दाण्यांमागे एक ठिपक्याचा. मग डब्यातही साधारण हेच प्रमाण असणार. ठिपक्यांचे एकूण ४० आहेत हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे डब्यात सुमारे ४०० दाणे. डबा पूर्ण रिकामा न करता उत्तर मिळालं.

डेन्मार्कच्या पीटरसन नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माशांना खुणा करताना या वाटेची सुरुवात केली आणि १९३० मध्ये अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकनने पायात कडी घातलेल्या बदकांवरून तेच गणित मांडलं. त्या दोघांच्या नावानेच ते ओळखलं जातं.

अस्वलांसाठी ते सगळ्यात सरळ वापरलं गेलं पेनसिल्व्हेनियात. तिथे अस्वलाची शिकार कायदेशीर आहे, परवाना आणि हंगाम ठरलेला. मारलेलं अस्वल चोवीस तासांच्या आत सरकारी तपासणी केंद्रावर आणून दाखवावं लागतं. म्हणजे पहिली मूठ वन्यजीव खात्याची, वर्षभरात पकडून टॅग लावलेल्या अस्वलांची. दुसरी मूठ शिकाऱ्यांची. समजा खात्याने ६०० अस्वलांना टॅग लावले, हंगामात ३,००० अस्वलं केंद्रांवर आली आणि त्यांतल्या १२० जणांच्या कानात टॅग निघाले. म्हणजे दर पंचवीस अस्वलांमागे एक टॅगचं. बारीकसारीक तपशील सोडून द्या. ढोबळ उत्तर १५,०००. आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, पण तिथल्या प्रमाणाशी अगदीच विसंगत नाहीत. २०१९ साली त्या राज्यात ४,६५३ अस्वलांची शिकार झाली, तो तिथला विक्रम. पुढच्या वर्षी किती परवाने द्यायचे आणि हंगाम किती दिवस ठेवायचा, हे या गणितावर ठरतं. शिकार पटत नसेल तरी, मलाही फारशी पटत नाही, एवढं मान्य करावं लागतं की मोजून मारणारे न मोजता मारणाऱ्यांपेक्षा बरे.

आता परत डब्याकडे, कारण खरी गोची तिथेच आहे. डबा नीट हलवला नाही तर? ठिपक्यांचे सगळे दाणे वरच राहतील आणि उत्तर चुकेल. अस्वलांचंही तेच. काही अस्वलांना डोनटची चटक लागते, ती पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात येतात. काही एकदा अडकली की पाइपच्या आसपास फिरकत नाहीत. म्हणून पहिल्यांदा पकडायची पद्धत एक आणि दुसऱ्यांदा मोजायची पद्धत वेगळी असली तर बरं असतं, आणि पेनसिल्व्हेनियात ती आपसूक वेगळी आहे.

आणि ठिपका पुसला गेला तर? वरच्याच उदाहरणात एका दाण्याची शाई उडाली असं समजा. आता ५० मध्ये ५ ऐवजी ४ च ठिपके दिसतील आणि उत्तर येईल ५००. एका दाण्याची शाई गेली आणि डब्यात नसलेले शंभर दाणे जन्माला आले. अस्वलांचे टॅग तर गळतातच. भांडणात कान फाटतो, भावंडं खेळताना ओढतात, प्लास्टिक थंडीत तडकतं. गळलेला प्रत्येक टॅग कागदावर अस्वलं वाढवतो, आणि कागदावर वाढलेल्या अस्वलांच्या भरवशावर जंगलातली खरी अस्वलं मारायचे परवाने निघतात.

दोन कानांत दोन टॅग का, याचं उत्तर हे. एक गळला तर दुसरा राहतो, हे झालं वरवरचं. खरी हुशारी पुढे आहे. समजा एका कानातला टॅग गळायची शक्यता दहात एक. १०० अस्वलांत ८१ जणांचे दोन्ही टॅग शाबूत राहतील, १८ जणांचा एकच राहील आणि एकाचे दोन्ही गेलेले असतील. तो शेवटचा एक आपल्याला कधीच कळणार नाही, कारण तो कधीच टॅग न लावलेल्या अस्वलासारखा दिसतो. पण एका कानाची १८ अस्वलं दिसतात. त्यांच्यावरून न दिसणाऱ्या त्या एकाचा अंदाज बांधता येतो. मला हे गणित पहिल्यांदा समजलं तेव्हा मी उगाचच दोन-तीन जणांना फोन करून सांगितलं होतं.

अर्थात यात एक गृहीत धरलंय, की डावा आणि उजवा टॅग एकमेकांना न विचारता गळतात. भांडकुदळ नराच्या बाबतीत ते खरं नसतं. ज्याचा एक कान फाटलाय, त्याचा दुसराही फाटायची शक्यता जास्त. ओठाच्या आत गोंदवलेला नंबर कामी येतो तो अशा वेळी.

छप्पन नंबरची बाई

मोजणी हा टॅगचा रोजचा धंदा. पण नंबरामुळे एकेका अस्वलाचं चरित्र लिहिता येतं, आणि मला त्यात जास्त रस आहे.

मिनेसोटा राज्यात १९८१ च्या जुलैमध्ये सात वर्षांची एक अस्वलीण पकडली. तिला नंबर मिळाला ५६ आणि गळ्यात रेडिओ कॉलर. त्यानंतर दर हिवाळ्यात संशोधक तिचं बीळ शोधून काढत, ती झोपेत असताना कॉलर तपासत, पिल्लं मोजत. १९९५ पर्यंत तिला २२ पिल्लं झाली आणि त्यांतली २१ दीड वर्षाची होईपर्यंत जगली. ज्यांना जंगली जनावरांतल्या पिल्लांच्या मरतुकीची कल्पना आहे, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. पंचविसाव्या वर्षी, १९९९ मध्ये, तिने शेवटची तीन पिल्लं वाढवली. मग नजर गेली, ऐकू येईनासं झालं, जंगलात धडपडण्यापेक्षा ती कच्च्या रस्त्याने चालायला लागली. २०१३ च्या उन्हाळ्यात ती मरून पडलेली सापडली. वय साडेएकोणचाळीस. त्या अभ्यासात कॉलर घातलेल्या साडेतीनशेवर अस्वलांत म्हातारपणाने मेलेली ती एकटी. बाकीच्यांपैकी बहुतेक बंदुकीने गेली, काही गाड्यांखाली.

काळं अस्वल जंगलात इतकं जगू शकतं, हे तिच्यामुळे कळलं. नंबर नसता तर २०१३ मध्ये एक म्हातारं अस्वल मेलं, एवढंच कळलं असतं, आणि तेही कुणी लिहून ठेवलं नसतं.

आता कुणी विचारेल, कॉलर होती ना, मग कानात टॅग कशाला? तर अस्वलाच्या मानेवरचे केस इतके दाट की कॉलर त्यात बुडून जाते. मिनेसोटात शिकारीच्या हंगामात अभ्यासातली अस्वलं चुकून मारली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कानांत मोठे, भडक रंगाचे टॅग लावतात आणि शिकाऱ्यांना विनंती करतात की कान रंगीत दिसला तर बंदूक खाली घ्या. ती सक्ती नाही, विनंतीच.

टॅगवर फक्त नंबर नसतो. बऱ्याच ठिकाणी फोन नंबर असतो आणि खाली इशारा असतो, की मांस खाण्याआधी फोन करा. कारण भुलीचं औषध काही काळ अंगात राहतं आणि तिथे अस्वलाचं मांस खाणारे लोक आहेत.

पेनसिल्व्हेनियातले गॅरी ऑल्ट नावाचे अस्वलतज्ज्ञ अनाथ पिल्लांना दुसऱ्या आईच्या पदरात घालायचे. आई वासावरून आपलं-परकं ओळखते, म्हणून ते काय करत, तर विक्स लावत. आपण सर्दीला चोळतो तेच विक्स. वास कळेनासा झाला की आई आणखी एक तोंड मुकाट्याने पाजते. पण अशी दत्तक पिल्लं पुढे जगली की नाही, हे सांगायला त्यांच्यावर कसली तरी खूण हवीच. सगळीच काळी, कुठलं पोटचं आणि कुठलं पदरात घातलेलं, कोण सांगणार?

भाचीच्या अ‍ॅशव्हिलमध्येही २०१४ मध्ये तिथलं राज्य विद्यापीठ आणि वन्यजीव आयोग यांनी मिळून शहरातल्या अस्वलांना पकडून, नंबर देऊन त्यांचा माग काढायला सुरुवात केली. त्यातून निघालेली एक गोष्ट मला चक्रावून गेली. शहरात राहणाऱ्या एक वर्षाच्या माद्या सरासरी ४५ किलोच्या भरल्या, राष्ट्रीय वनातल्या तेवढ्याच वयाच्या २३ किलोच्या. आणि शहरातल्या बारा जणींपैकी सात जणी दोन वर्षांच्या वयातच आई झाल्या होत्या, वनातली एकही नाही. कचऱ्याचे डबे, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, अंगणातली फळझाडं यांचा हा प्रताप. हे कळायला एकाच मादीला पुन्हा पुन्हा गाठावं लागतं आणि ही तीच याची खात्री असावी लागते.

टॅग म्हणजे गुन्हेगार?

अमेरिकेत एक समज पसरलेला आहे, की कानात टॅग म्हणजे ते अस्वल वाह्यात आहे, पोलिसांच्या यादीतलं आहे. बहुतेक वेळा तसं काही नसतं. संशोधनासाठी पकडलं आणि सोडलं, एवढंच. पण समज अगदी हवेतून आलेला नाही. कोलोरॅडोमध्ये बरीच वर्षं एक नियम होता: माणसांच्या वस्तीत त्रास देणारं अस्वल पहिल्यांदा सापडलं की टॅग लावून लांब सोडायचं, दुसऱ्यांदा सापडलं की मारायचं. तिथे मात्र कानातला बिल्ला ही पहिल्या चुकीची नोंद होती. दुसरी भेट शेवटची. चूक बहुतेक वेळा डब्याचं झाकण उघडं ठेवणाऱ्याची, शिक्षा दुसऱ्यालाच.

कान न टोचताही खूण करता येते का? येते. झाडांभोवती काटेरी तार गुंडाळून मध्ये वास येणारं आमिष ठेवतात. अस्वल आत शिरताना तारेला केस अडकतात आणि केसाच्या मुळातल्या डीएनएवरून कोण ते कळतं. मिनेसोटात तर बेकनमध्ये टेट्रासायक्लिन घालून जंगलात टांगून ठेवायचे. तेच आपल्या ओळखीचं जुनं प्रतिजैविक. खाल्लं की दातात बसतं आणि अतिनील दिव्याखाली चमकतं. पुढे शिकाऱ्यांनी पाठवलेल्या दातांत किती चमकतात, ते मोजायचं. डब्यातल्या राजम्याचंच गणित, फक्त ठिपका दातावर आणि अस्वलाने तो स्वतःच लावून घेतलेला.

आपल्याकडे बिबट्यांच्या कानात टॅग लावत नाहीत, पण शेपटीत तांदळाएवढी मायक्रोचिप घालतात. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर वर काढला, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याला जीपीएस कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. आजोबा नाव पडलेला तो बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली एक बिबट्या मेला. तो आजोबाच, हे शेपटीतल्या चिपने सांगितलं.

मावशीला हे सगळं मी फोनवर सांगितलं, राजम्यासकट. तिने ऐकून घेतलं. आठवड्याने भाचीचा दुसरा व्हिडिओ आला. तोच डबा, तसंच अस्वल, पण टॅग फक्त डाव्या कानात. उजव्या कानाची कड फाटलेली. ग्रुपवर पुन्हा 'बापरे' सुरू झालं. मावशीने मला वेगळा मेसेज केला: "त्या अठरातलं आहे का रे हे?"